डब्याचं झाकण

११ जानेवारी, रविवार. लोणावळा. सकाळी थंडी होती. दुपारी भात लावला तो पुन्हा बिघडला… अर्धा गाळ, अर्धा कच्चा. सलग चौथ्या दिवशी.

पत्नीला जाऊन पाच महिने झाले. मला स्वयंपाक येत नाही, पण कुकर लावता येतो. भात बिघडण्याचं कारण कुकर नव्हता, मी होतो.

दरवर्षी पवनानगरहून मेहुणा नवा इंद्रायणी तांदूळ पाठवतो. यंदा पाठवेल असं वाटलं नव्हतं. बुधवारी त्याचा फोन आला, "दाजी, पोतं जीपमधी टाकलंय. ताईचा वाटा हाय त्यो, न्हाई म्हनू नका."

मी पोतं आणलं आणि डब्यात ओतलं. डब्यात तळाशी गेल्या वर्षीचा तांदूळ होता. उन्हाळ्यात हिने चाळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. तो पाला सगळ्याला लागावा म्हणून मी कोपरापर्यंत हात घालून खालीवर केलं. मला वाटलं, नीट केलं…

मुलीला विचारलं असतं तर तिने फोनवर रडायला सुरुवात केली असती. मेहुण्याला कोणत्या तोंडाने विचारणार. म्हणून मोबाईलवर सर्च केलं, 'नवा जुना तांदूळ एकत्र झाल्यास काय करावे'.

सगळ्यात वर एक तयार उत्तर आलं. पिशवीवरच्या सूचना वाचाव्यात, असं त्यात होतं. तांदूळ आला होता खताच्या धुतलेल्या पोत्यातून, त्यावर कसल्या सूचना… खाली हिंदीतले बासमतीचे व्हिडिओ. त्याखाली माझ्या जवळची राईस प्लेटची हॉटेलं, आणि पवनेच्या काठावर तंबूत राहण्याच्या जाहिराती, अनलिमिटेड जेवणासकट.

तरी सर्चला विचारताना लाज वाटत नाही, तिथे कोणी नसतं. मावळातल्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यावर लिहायला मला अर्धा तास लागला. ग्रुपवर मी आहे, पण कधी काही लिहिलेलं नाही.

उत्तरं मात्र दहा मिनिटांत आली. "काका, इडल्या घाला आणि ग्रुपला बोलवा." नवलाख उंबरे गावच्या एकाने लिहिलं, "कंपनीच्या कँटीनला आमी रोज असलाच भात खातो, काय होत न्हाई." आणखी एक जण म्हणाला, "आबा, घरात आजी हायत ना? ह्या गोष्टी ग्रुपवर विचारायच्या असतात व्हय?"

त्याला मी लाईक केलं.

मग भाजे गावच्या एका बाईंनी लिहिलं, "काका, ह्याच ग्रुपवर मागं एका ताईंनी तांदळाचं लय चांगलं सांगितलं होतं. वर भिंग हाय, तितं 'जुना तांदूळ' टाकून बघा."

टाकलं. पहिलंच नाव हिचं आलं. फोटोच्या जागी आमच्या कुंडीतली जास्वंद.

दोन वर्षांपूर्वीचं होतं. कुणा नव्या सुनेला तिने लिहिलं होतं, "नव्याला पाणी दीडपट, जुन्याला सव्वादोन पट. दोन्ही कधी एकत्र करू नकोस गं, एक शिजेपर्यंत दुसऱ्याचा गाळ होतो. मी तर झाकणाला आतून चिठ्ठी लावते. आमचे साहेब मदतीला आले की काय करतील नेम नाही." पुढे हसणारे दोन चेहरे. खाली बायकाही हसल्या होत्या.

ती ग्रुपवर लिहायची हे मला माहीत नव्हतं. घरात ती अशी बोलायची का, ते आठवून पाहिलं… बोलत असेल. मी पेपर वाचत असेन.

उठून डब्याचं झाकण उलटं केलं. आतून चिकटपट्टीने लावलेला कागद होता. 'हा जुना. आधी हा संपवावा. नवा यात ओतू नये.' तिचं अक्षर. बुधवारी हे झाकण मी काढून न उलटता जमिनीवर ठेवलं होतं.

म्हणजे सूचना होती. ती माझ्यासाठीच लिहिलेली होती… आणि तिने ठेवलेला शेवटचा तांदूळ मी स्वतःच्या हाताने घालवला.

भाजे गावच्या बाईंनी विचारलं, "मिळालं का काका?" मी लिहिलं, "मिळालं. आभारी आहे." त्या ताई कोण, ते लिहिलं नाही. इथे ब्लॉगवर लिहितोय, कारण इथे वाचणारे तुम्ही थोडेच जण आहात.

जुना दाणा जरा पिवळसर असतो. ताट घेऊन खिडकीपाशी बसलो आणि वेगळा काढायला लागलो. डबा भरलेला आहे, सगळा निवडून व्हायचा नाही, हे बसतानाच कळत होतं.

उजेड जाईपर्यंत एक लहान वाटी झाली. ती धुतली, कुकरमध्ये लावली. पाणी सव्वादोन पट घातलं.