उत्तर घेऊन येणाऱ्या मालतीताई

"हे त्या बाईंना वाचून दाखवलंत का?"

मालतीताईंनी मला विचारलेले हे पहिले वाक्य. क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या कार्यालयात मी उभी होते. समाजकार्याची पदवी नुकतीच हातात आली होती आणि ताईंच्या टेबलावर मी लिहून आणलेला विधिमंडळाच्या प्रश्नाचा मसुदा होता. कन्नडकडची मेंढपाळ कुटुंबे मेंढ्यांमागे गावोगाव फिरतात. त्यांच्यातल्या गरोदर बाया वाटेवरच्या आरोग्य केंद्रात गेल्या की 'तुमची नोंद तुमच्या गावी, तिकडे जा' असे सांगून त्यांना परत पाठवले जाते, असा तो विषय. ठकूबाई नावाच्या बाईंच्या सुनेला असेच परत पाठवले होते आणि ती रस्त्यात जीपमध्ये बाळंत झाली होती. ताई आमदार होत्या. त्यांनी हे सरकारला विचारावे म्हणून मी गेले होते. खरे सांगायचे तर थोडी शाबासकीही हवी होती.

"नाही दाखवलं," मी म्हणाले.

"मग चला," ताई म्हणाल्या आणि टेबलाखाली चपला शोधू लागल्या.

त्यांची गाडी सलीमभाई चालवायचे, आजही तेच चालवतात. कन्नडच्या पुढे, कापूस वेचून झालेल्या एका शेतात ठकूबाईंचा कळप बसला होता. ताई घोंगडीवर बसल्या आणि माझा मसुदा मोठ्याने वाचू लागल्या. एका ठिकाणी ठकूबाईंनी त्यांना थांबवले.

"दयनीय म्हंजी काय वं, ताई?"

"कीव यावी असं."

"मंग ते काढा. कीव नगं. माझ्या सुनंला दारातून माघारी लावलं, तेवढं असू द्या."

ताईंनी पेन माझ्या हातात दिले आणि तो शब्द मलाच खोडायला लावला. ठकूबाईंच्या मांडीवर जीपमध्ये जन्मलेली ती नात झोपली होती.

सरकारला लेखी प्रश्न विचारायची एक ठरलेली रीत असते. घडलेली गोष्ट लिहायची आणि शेवटी विचारायचे, 'हे खरे आहे काय?' बऱ्याच महिन्यांनी उत्तर आले. 'हे खरे नाही.' पुढच्या साऱ्या उपप्रश्नांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही.' मी तो कागद फाइलला लावायला घेतला, तर ताईंनी तो पर्समध्ये ठेवला.

"त्यांना हे वाचून दाखवायचं?" मी विचारले. मला ते क्रूर वाटत होते.

"प्रश्न त्यांचा आहे. उत्तरही त्यांचंच," ताई म्हणाल्या. "नको असलेलं उत्तर दडवून ठेवायला आपण कोण?"

ठकूबाई कन्नडच्या बाजारात भेटल्या. रस्त्याकडेला उभे राहून ताईंनी उत्तर वाचले.

"पुन्हा वाचा," ठकूबाई म्हणाल्या.

ताईंनी पुन्हा वाचले.

"माझी सून जीपात बाळंत झाली, ते खरं नाय?"

"सरकार म्हणतं, खरं नाही."

"आन तुमी काय म्हनता?"

"मी म्हणते, खरं आहे. म्हणून परत विचारणार."

"किती डाव?"

"उत्तर बदलेपर्यंत."

ठकूबाई हसल्या. "विचारा मंग. आमी कुठं जातोय? हितंच हिंडतोय."

परतीच्या वाटेवर सलीमभाई म्हणाले, "मॅडम, ये अच्छा है. सरकार ना बोलती, और डिझेल हमारा जलता." ताईही हसल्या; पण डिझेल त्यानंतरही असेच जळत राहिले.

पुढची अनेक वर्षे मी ताईंकडे प्रश्न लिहिण्याचे काम केले. सर्पदंशाची लस, निराधारांचे अडलेले अनुदान, मुलींच्या शाळेतली स्वच्छतागृहे. प्रत्येक प्रश्न पाठवण्याआधी ज्याचा त्याला वाचून दाखवायचा आणि उत्तर आले की ते त्याच्या दारात नेऊन वाचायचे, हा ताईंचा नेम. एका गावी उत्तर येण्याआधीच आरोग्य उपकेंद्राचे कुलूप निघाले होते. तरी ताई उत्तर घेऊन गेल्या. पारावर गाव जमला आणि ताईंनी वाचले, 'सदर उपकेंद्र कधीही बंद नव्हते.' सगळा पार हसला. कुलूप ज्यांच्या घरी पडून होते, ते गृहस्थ ते आणायलाच निघाले होते. ताईंनी त्यांना कसेबसे बसवले.

सभागृहातले एक सहकारी त्यांना चिडवत, "ताई, तुम्ही आमदार की पोस्टमन?" ताईंनी एकदा शांतपणे उत्तर दिले, "पोस्टमनची लोक वाट बघतात. तुमची कोण बघतं?"

ताईंबरोबर काम करणे सोपे होते असे मात्र मी म्हणणार नाही. चांगले लिहिले तर त्या काही बोलत नसत, वाईट लिहिले तर सगळ्यांसमोर बोलत. माझी कित्येक आवडती विशेषणे त्यांच्या पेन्सिलीखाली गेली. आणि इतके करूनही ठकूबाईंच्या प्रश्नाला पुन्हा पुन्हा 'हे खरे नाही' हेच उत्तर येत राहिले. ते दर वेळी नेऊन वाचण्याने काय साधते, हे मला उमगत नव्हते. उमगले ते वेगळ्याच वाटेने.

माझे पहिले मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेले. दवाखान्यातून हर्सूलच्या घरी आले तेव्हा घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हते. सासूबाई, नवरा, माझी आई, सगळे माझ्यावरच्या मायेने गप्प. डॉक्टरांचे कागद कपाटात वर ठेवलेले. ताई आल्या, चहा घेतला, आणि मला विचारले, "काय झालं, ते तुला नीट सांगितलंय का कुणी?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी घरच्यांना न दुखवता कागद मागून घेतले. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे नेऊन एकेका ओळीचा अर्थ विचारून घेतला आणि घरी आल्यावर माझ्या शेजारी बसून सारे सावकाश वाचून दाखवले. झाले त्यात माझी काही चूक नव्हती, हेही त्या कागदांत होते.

"पुन्हा वाचा," मी म्हणाले. माझ्याच तोंडून ठकूबाईंचे शब्द ऐकले आणि मग रडू आले. ताईंनी पुन्हा वाचले.

आपल्याबद्दल कुठेतरी काहीतरी लिहिले गेले आहे आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही, हे एकटेपण फार मोठे असते. उत्तर वाईट असले तरी ते घेऊन कुणीतरी आपल्या दारी येते, तेव्हा ते एकटेपण संपते. त्या दिवसानंतर ताईंचा नेम मला कुणाकडून समजून घ्यावा लागला नाही.

ताई आता आमदार नाहीत. पण प्रश्न लिहितात आणि जो सदस्य घेईल त्याच्या हाती देतात, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. ठकूबाईंचा प्रश्न असाच पुन्हा गेला होता. परवा त्याचे उत्तर आले. 'होय, हे खरे आहे.' आणि खाली, फिरत्या कुटुंबांतील माता जिथे असतील तिथल्या केंद्रात त्यांची नोंद करून घेण्याच्या सूचना दिल्याचे लिहिले आहे.

जीपमध्ये जन्मलेली ती नात आता विशीत आहे आणि तिचेच दिवस भरत आले आहेत. कळप घाटाखाली आहे आणि जवळच्या केंद्राने तिलाही 'गावी जा' म्हणून सांगितले आहे. फोनवर उत्तराचा फोटो पाठवून केंद्राचे दार उघडणार नाही. कागद घेऊन कुणाला तरी तिथे उभे राहावे लागेल, आणि ते याच दोन-चार दिवसांत.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी हे लिहीत आहे. पण ताईंच्याच नेमाप्रमाणे, संपादकांकडे देण्याआधी उद्या सकाळी हा लेख त्यांना वाचून दाखवणार आहे. म्हणून पुढचे थेट त्यांच्याशीच बोलते.

ताई, तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्वांची इच्छा आहेच. पण गेल्या वर्षी तुमच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आहे आणि घाटरस्त्याचा प्रवास डॉक्टरांनी साफ मना केला आहे. तो कागदही मी तुम्हांला दोनदा वाचून दाखवला आहे. तेव्हा या लेखातले हवे तेवढे शब्द खोडा, माझे काही म्हणणे नाही. फक्त हे एक उत्तर मला एकटीला घेऊन जाऊ द्या. मी ते ठकूबाईंना तुमच्यासारखेच सावकाश वाचून दाखवीन, त्या म्हणतील तितक्या वेळा. केंद्राच्या दारात नातीशेजारी उभी राहीन आणि परत आल्यावर ठकूबाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगेन. तोवर तुम्ही घरीच थांबा. सलीमभाईंना तुमचा फोन कालच गेला आहे, हे मला माहीत आहे. तरीही विचारते आहे.