आईची खांदशेकणी
कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा आमच्या घरात दोनच गोष्टी वाढल्या, बैलांची चैन आणि आईचा मार. दूर कुठेतरी समुद्रापलीकडे लढाई लागली होती म्हणे, आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या रानातला कापूस हातोहात उचलत होते. बापाने अकोल्याहून नवी बैलजोडी आणली, तिच्या गळ्यात चांदीची घुंगरं घातली. चावडीवर तो हसून बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. घरात आईला उठता लाथ, बसता बुक्की.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने तुतारी, बैल हाकायची आरीची काठी, तिच्या खांद्यावर मोडली. कारण आठवत नाही. कारण लागायचंच असंही नाही. संध्याकाळी तोच बाप अंगणात बैलांचे खांदे शेकत बसला. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना पळसाच्या पानाने कोमट हळद-लोणी चोळत होता, इतक्या हलक्या हाताने की मला बैलांचा हेवा वाटला. मग हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याला बैलावर काठी उगारत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. माझी लहानशी अक्कल पुढे धावली: ज्याचा खांदा शेकतात, त्याला उद्या मार नाही.

वाटीत उरलेलं लोणी घेऊन मी चुलीपाशी गेले आणि आईच्या सुजलेल्या खांद्याला चोळलं. ती कण्हली, पण हलली नाही. मी हात जोडून तिला आवतन दिलं. वळून पाहते तर बाप दारात.

तो ओरडला नाही. त्याचा आवाज कधी चढायचाच नाही, म्हणून तर गावाला तो देवमाणूस वाटायचा. "बैलाचं लोणी मायले लावतं? मंग तिले जुंपूनच पाहू." आईला अंगणात आणून त्याने जुवाचं एक टोक तिच्या त्याच खांद्यावर ठेवलं आणि मोडक्या तुतारीचा तुकडा माझ्या हातात दिला. "हाक आता."

शेजारी कुंपणावरून पाहत होते. कुणी हसलं, कुणी आत निघून गेलं. मी नुसती उभी. शेवटी आईच म्हणाली, "हाक, माय. लवकर सुटीन मी." मी हाकलं. ती जू ओढत अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी तिनेच बैलांना पुरणपोळी चारली.

त्यानंतर मी आईला हात लावला नाही. माया आटली नव्हती. पण मी हात लावला की तिला मार बसणार, हे माझ्या अंगात भिनलं होतं. पुढे अचलपूरला नांदायला गेले. नवरा गरीब गाय. तरी पागोटं काढायला त्याने हात वर केला की मी भिंतीला चिकटायची. पोरं तापली तर त्यांच्या कपाळावर हात ठेवायलाही मला धीर गोळा करावा लागे. बापाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तो मेल्यावर कितीतरी पोळे गेले. मग आई अंथरुणाला खिळली आणि मी माहेरी आले. खांदा ठणकतो म्हणाली. मी हळद-लोणी कोमट केलं आणि वाटी घेऊन उंबऱ्यातच थांबले. पाय पुढे पडेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या अंगणाकडे.

"राहू दे, माय," ती म्हणाली. "तो पाहील."