बॅटरीभाऊजींचे मत

माझे धाकटे दीर सिनेमागृहाच्या दारात उभे राहण्याचे काम करीत असत. तिकीट पाहणे, ते फाडून अर्धे परत देणे आणि खेळ सुरू झाल्यावर येणाऱ्यांना अंधारात बॅटरी मारून त्यांची खुर्ची दाखवणे, असे ते काम होते. त्यामुळे गल्लीतील लहानथोर सारे त्यांना 'बॅटरी' म्हणत. मी त्यांना भाऊजी म्हणते. कोणालाही टोपणनावाने हाक मारू नये असे मला वाटते. परंतु त्यांच्याविषयी लिहिताना ते नाव टाळता येत नाही, कारण अनेकांना त्यांचे खरे नाव ठाऊकच नाही.

भाऊजींना जगातील प्रत्येक गोष्टीवर मत होते आणि ते मनात ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. कंपनीला फोन लावला की यंत्र बोलते, याचा त्यांना फार राग येई. "म्हणतं, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अरे, महत्त्वाचा आहे तर उचल की!" नव्या गाण्यांविषयी ते म्हणत, "सुरू झालेलं कळतं, संपलेलं कळत नाही." त्यांची सर्वच मते बरोबर ठरत असे मात्र नाही. फोनला कॅमेरा आला तेव्हा त्यांनी सर्वांदेखत सांगितले होते, "हे काही टिकत नाही. फोनने फोटो काढायचा म्हणजे चमच्याने दाढी करायची." आता ते स्वतः सकाळ-संध्याकाळ फोटो काढतात, आणि माझी जाऊ प्रत्येक वेळी विचारते, "झाली का दाढी?"

सिनेमाच्या बाबतीत मात्र लोक त्यांचा शब्द मानत. तिकीट पुढे करता करता हळूच विचारत, "कसा आहे?" भाऊजींची उत्तरे तीनच. चांगला असेल तर "बघा." बरा असेल तर "बघा, आलाच आहात तर." आणि अगदीच टाकाऊ असेल तर "आत एसी छान आहे." हे तिसरे उत्तर ऐकून काही जण तिथल्या तिथे परत फिरत, काही जण हसून झोप काढायला आत जात.

मला एका गोष्टीचे नवल वाटे. एकदा दुपारी भाजी निवडत असताना मी विचारले, "भाऊजी, तुम्ही सदा येता-जाता, उभ्या उभ्या. सबंध सिनेमा बसून कधी पाहिलेला नाही. मग मत कसं देता?"

"वहिनी, मी पडद्याकडे बघतच नाही. लोकांकडे बघतो."

मग त्यांनी समजावून सांगितले. ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहत. सिनेमात मन रमेनासे झाले की माणूस खिशातून मोबाईल काढतो, आणि अंधारात तेवढाच एक चेहरा उजळतो. "एखादा उजळला तर त्याला घरची काळजी असेल. ओळच्या ओळ उजळली की समजायचं, गोष्ट पडली."

"आणि मोबाईल नव्हते तेव्हा?"

"तेव्हा खोकल्यावरून कळायचं. कंटाळा आला की सगळ्या हॉलचा घसा खवखवतो."

लोक मोबाईलला नावे ठेवतात. भाऊजींनी त्या एका बाबतीत ठेवली नाहीत. ते म्हणत, "लोक तोंडाने कौतुक करतात. फोन बिचारा खरं सांगतो."

पुढे ते सिनेमागृह एका मोठ्या कंपनीने घेतले. खुर्च्या बदलल्या, भाऊजींना गळ्यात अडकवायचा पट्टा आणि छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. तिकिटाचा कागद गेला. लोक मोबाईल पुढे करू लागले आणि भाऊजींच्या हातातील यंत्र 'टुंई' असा आवाज करू लागले. हे सर्व त्यांनी आनंदाने शिकून घेतले. बदल झाला म्हणून रडणाऱ्यांपैकी ते नव्हते. परंतु कंपनीने एक नियमही केला होता. कर्मचाऱ्याने चित्रपटाविषयी वैयक्तिक मत व्यक्त करू नये. केवळ हसतमुखाने "आपले स्वागत आहे" असे म्हणावे.

भाऊजींनी तो नियमही पाळला. लोक विचारत, "कसा आहे?" आणि भाऊजी हसून म्हणत, "आपले स्वागत आहे."

याचा परिणाम कंपनीला अपेक्षित नव्हता. ज्यांना भाऊजी ठाऊक होते, त्यांना वाटले की सिनेमा इतका वाईट आहे की बॅटरीला एसीचेसुद्धा कौतुक करवत नाही. माणसे दारातून परत जाऊ लागली. मॅनेजरबाईंनी भाऊजींना आपल्या खोलीत बोलावले. बाई वयाने लहान, स्वभावाने चांगल्या होत्या. मात्र त्यांच्याही वर कोणीतरी होते. तेथे जे बोलणे झाले, ते भाऊजींनी घरी आम्हांला जसेच्या तसे करून दाखवले.

"काका, तुम्ही लोकांना काही बोलत का नाही?"

"मॅडम, बोलायचं नाही असा नियम आहे ना?"

"बोलायचं नाही म्हणजे वाईट बोलायचं नाही!"

"मग चांगलं बोलायचं?"

"हो."

"सगळ्या सिनेमांना?"

बाई म्हणाल्या, "काका, मला वरून विचारतात. दारात उभा राहणारा माणूस उत्साही हवा, असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्हांला जमत नसेल तर तुम्हांला खाली मक्याच्या लाह्यांच्या काउंटरवर घ्यावं लागेल. पगार तोच."

हे सांगताना भाऊजी हसत होते, परंतु त्यांनी ताटातील पोळी तोडली नव्हती. दार गेले म्हणजे हॉल गेला, मागची भिंत गेली, आणि कोणी काही विचारण्याचे कारणही गेले, हे आम्ही तिघेही समजून होतो.

माझी जाऊ व्यवहारी बाई आहे. ती म्हणाली, "एक शब्द बोलायला तुमचं काय जातं? माझ्या भाजीला रोज छान म्हणता ना?"

"तुझी भाजी मला खायची असते. सिनेमा त्यांना बघायचा असतो."

"म्हणजे भाजी छान नसते?"

"वहिनी, सांगा हो हिला काहीतरी."

मी पोळ्या आणायला उठले. नवरा-बायकोच्या भाजीत तिसऱ्याने पळी घालू नये.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी सर्व सिनेमांना "बघा, छान आहे" म्हणू लागले. दार राहिले. मॅनेजरबाई खूश झाल्या. त्याच आठवड्यात आमच्या शेजारचे, शाळेची बस चालवणारे गृहस्थ आपल्या आईला घेऊन सिनेमाला गेले. त्या आजींचे गुडघे गेलेले आहेत, जिना उतरणे त्यांना मोठा प्रवास वाटतो, आणि वर्षाकाठी त्या एखादाच सिनेमा पाहतात. बसवाल्यांनी दारात विचारले, "आईला आणलंय. कसा आहे?" भाऊजी म्हणाले, "बघा, छान आहे." आतील सिनेमा कंपनीनेच काढलेला होता आणि मध्यंतराच्या आधीच हॉलमध्ये ओळीच्या ओळी उजळल्या होत्या. भाऊजी मागच्या भिंतीला टेकून ते पाहत होते. पुढच्या बाजूला आजी मात्र ताठ बसून, मुलाला वाईट वाटू नये म्हणून, पडद्याकडे एकटक पाहत होत्या.

बसवाले बाहेर येताना काहीही बोलले नाहीत. ते चिडले असते तर भाऊजींना बरे वाटले असते. परंतु पुढच्या खेपेस आले तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला, यंत्राचा आवाज होऊ दिला आणि न विचारता आत गेले. हळूहळू इतरही विचारीनासे झाले. दारात येण्यापूर्वीच ते मोबाईलवर सिनेमाला किती तारे मिळाले आहेत ते पाहून घेत.

एके संध्याकाळी भाऊजी चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, मी ज्यासाठी दार राखलं ते गेलंच की."

त्यांनी स्वतः जाऊन काउंटरची बदली मागितली. मॅनेजरबाईंनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "लाह्यांना छान म्हणायला मला अडचण नाही. त्या खरंच छान असतात."

काउंटरवर त्यांना हॉल दिसत नसे. घरी आम्ही एखाद्या सिनेमाविषयी विचारले तर ते प्रामाणिकपणे म्हणत, "माहीत नाही, मी आत नसतो." आयुष्यात प्रथमच त्यांच्याजवळ मत नव्हते, आणि त्यामुळे ते काहीसे वाळल्यासारखे दिसू लागले. हे न पाहवून माझ्या जावेने एका सुट्टीच्या दिवशी तीन तिकिटे काढली आणि म्हणाली, "चला, आज बसून बघा."

भाऊजी आमच्या दोघींच्या मध्ये बसले. प्रथम ते सारखे मागे वळून पाहत होते. "मान मोडेल," असे म्हणून जावेने त्यांचा दंड धरला, तेव्हा ते पडद्याकडे पाहू लागले. सिनेमा एका म्हाताऱ्या घड्याळजीविषयी होता. त्यात मारामारी नव्हती, गाणीही फारशी नव्हती. मध्यंतरानंतर आमच्या आजूबाजूला पुष्कळ मोबाईल उजळले. खरे सांगायचे तर मलाही तो लांबल्यासारखा वाटला.

बाहेर आल्यावर मी विचारले, "कसा वाटला?"

"लोकांना नाही आवडला."

"लोकांचं नाही विचारलं. तुम्हांला?"

भाऊजी फुटपाथवर थांबले. इतकी वर्षे ते सर्वांचे मत सांगत आले होते. त्यांचे स्वतःचे कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही कधी स्वतःला विचारले नसावे. मग काही चोरी केल्यासारख्या आवाजात ते म्हणाले, "मला आवडला. तो म्हातारा दुकान बंद करतो ना, तेव्हा मला... मला आवडला."

जाऊ म्हणाली, "मग एवढं घाबरून काय सांगता? कोणी काढून घेणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवाले रस्त्यात आपल्या बसच्या काचा पुशीत होते. भाऊजी स्वतः होऊन त्यांच्याकडे गेले. मी खिडकीतून ऐकत होते.

"त्या दिवशी आईंना घेऊन आलात, तेव्हा मी छान म्हणालो. छान नव्हता. मला माहीत होतं."

बसवाले काच पुशीतच राहिले. मग म्हणाले, "आई म्हणाली, बॅटरीचा काहीतरी नाइलाज असेल."

"होता. पण चुकलंच."

"आता काय लागलंय?"

"एक आहे. हॉलला आवडला नाही. माझ्या वहिनींना लांबला. मला आवडला. तुम्ही ठरवा."

बसवाले हसले. "हे काय उत्तर झालं का? पूर्वी एका शब्दात सांगायचात."

"पूर्वी ते माझं नव्हतं," भाऊजी म्हणाले.

बसवाल्यांनी फडके पिळले, बसच्या आरशावर वाळत घातले आणि म्हणाले, "रविवारी आईला विचारतो. तिला घड्याळं आवडतात." त्यावर भाऊजींनी घड्याळजीची सबंध गोष्ट, शेवटासकट, सांगायला सुरुवात केली, आणि बसवाले "अहो, अहो, थांबा!" असे ओरडले.