हबवरचा लाल रंग

रोज सकाळी चहाच्या आधी पंजाबराव ओल्या फडक्याने गाडीची काच पुसायचे. राजूरला रात्रीतून कोळशाची भुकटी बसते. फडकं काळं होई, काच तासाभरात पुन्हा धुरकट. तरी पुसायचे. सारी नोकरी खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे एक सवय हाडात शिरली: लोखंड उघडं ठेवायचं नाही. घासलं की लगेच लाल रंग. निवृत्तीनंतर घराचं फाटक, खाटेचे पाय, बायकोच्या शिवणयंत्राचं पायदानसुद्धा त्यांनी लाल केलं होतं.

परवा गाडीची चाकं निघेनात. नट काढले तरी गंजाने हबला, म्हणजे मागच्या लोखंडी बैठकीला, चिकटून बसलेली. पंजाबरावांनी लाकडाचा ठोकळा धरून हातोड्याने ती सोडवली, तारेच्या ब्रशने हब घासून चकचकीत केले. ते पांढरं लोखंड मात्र त्यांना बघवेना. चाक जिथे टेकतं, तिथेही त्यांनी रंगाचे दोन जाड हात दिले आणि काल चाकं चढवली.

आज मुलगा रवी, सून शीला आणि तान्ही नात त्याच गाडीतून बाभुळगावला, शीलाच्या माहेरी निघाले. गाडी वळणाआड गेली. पंजाबराव रंगाचा डबा आवरायला बसले. डब्याच्या काठावर परवा ओघळलेल्या जाड थरावर अंगठा टेकला आणि आत रुतला. वर नुसती साय. खाली ओलं.

"इंदू!" ते ताडकन उठले. "चाकामांगं रंग दबला तं नट ढिले पडतीन."

"मंग फोन करा ना! मले काय सांगून राह्यले?"

फोन नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना रवी उचलत नसे. ती शिस्त त्यांनीच लावलेली. शीलाचा बंद. पंजाबराव फाटकापर्यंत गेले, परत आले, चप्पल काढली, पुन्हा घातली. कोळशाचे भरले ट्रक रस्त्यावरून जात होते.

"म्हणलं होतं, गाडीले कायले लुगडं नेसवून राह्यले," इंदूबाई म्हणाल्या.

शेवटी वाटेतल्या मारेगावहून रवीचाच फोन आला. "बाबा, पुढून खडखड येऊन राह्यली. थांबलो मी."

"शीलाले उतरव आधी. नट पाह्य."

पलीकडे पावलं, बाळाचं रडणं. मग रवी हळूच म्हणाला, "हातानं फिरून राह्यले, बाबा."

पंजाबराव ओट्यावर बसले.

"पंक्चरवाल्याले बोलाव. चारी चाकं काढ, मांगचा रंग खरवडून टाक, मंगच नट आवळ. अन् ऊन हाय, पोरीले टोपडं घाल."