बाबांच्या सीडीतली खरखर

भूत-प्रेत, अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास होता कंप्युटरवर, आणि त्यानं पहिल्याच दिवशी माझी लाज काढली. टेपरेकॉर्डरची पिन लावायची होती निळ्या भोकात, मी खुपसली गुलाबी, म्हणजे माईकच्या भोकात. अख्खी कॅसेट तशीच भरून घेतली, मोठ्या ऐटीत सीडी बर्न केली आणि लावली. बाबांचा आवाज असा फाटून आला, की माझी बायको मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, बाबा बॉयलरमदी बसून बोलून राह्यले का?"

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईला बॉयलरच आठवणार! मी तिथल्याच वीजकेंद्रात नोकरीला. ही गोष्ट बारा-चौदा वर्षांपूर्वीची, सीडी अजून जिवंत होत्या तेव्हाची.

बाबा त्याच पावसाळ्यात गेले होते. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी धानाची शेती. धान निघालं की बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत. जवानीत राजा, मग खलनायक, आणि केस पिकल्यावर नुसते रडणारे बाप. नाटक कोणतंही असो, प्रॉम्प्टर एकच — लहानू काका. पडद्याआड बसून हळूच वाक्य पुरवायचे. जन्माची जोडी. लहानू काका आधी गेले आणि बाबांनी नाटक सोडलं.

त्यानंतरच्या दिवाळीत मी हट्टानं बाबांना खाटेवर बसवून त्यांच्या शेवटच्या नाटकातला एक प्रवेश टेप केला. दार लावलेलं, खोलीत आम्ही दोघंच. बाबा झकास बोलले... आणि शेवटच्या वाक्यावर अडकले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "थांबव रे बाबू. लहानू नाई, आता कोन सांगते?" मी बटण दाबलं.

बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं, तर ती बोलेचना. ताटातला भात चिवडायची आणि उठून जायची. मनगटावरची पाटली कोपरापर्यंत घसरायला लागली. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. पण किती? मी आणि मंदा एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. अशात एके दिवशी आईनं स्वतःहून तोंड उघडलं, "बाबू, त्याइचा आवाज हाये म्हने न तुह्यापाशी?"

मी लागलो कामाला. मोबाईल तिला जमत नव्हता, पण भजनांचा छोटा सीडी प्लेयर जमायचा — एकच बटण. म्हणून ऑडिओ सीडीच हवी होती. दुसऱ्यांदा पिन निळ्या भोकात लावली. आवाज सुरेख उतरला, पण शेवटी-शेवटी टेपरेकॉर्डरनं कॅसेट चघळली आणि फीत तुटली. प्रवेश पूर्ण भरून झाला होता, एवढंच नशीब. आता बाबांचा आवाज जगात फक्त माझ्या कंप्युटरमध्ये होता.

हेडफोन लावून फाइल ऐकली — स्वच्छ. सीडी बर्न करून ऐकली — खरखर. तीही कुठे, तर शेवटी, बाबा अडकतात तिथेच.

वेग जास्त झाला असेल म्हणून सगळ्यात हळू बर्न केली. खरखर. कोऱ्या सीडींची कंपनी बदलली. खरखर. अर्थिंग तपासलं, वीज आमच्या दारातच तयार होते, तिचा काही भरवसा नाही. मग सॉफ्टवेअरनं नॉईज काढायला गेलो, तर खरखर जागच्या जागी आणि बाबांचाच आवाज बुडाला.

"आता बाबा हिरीत पडले," मंदा म्हणाली.

वाया गेलेल्या सीडी परसातल्या पेरूला टांगल्या. पोपट यायचे बंद झाले, खरखर नाही.

रविवारी दुपारी आई येऊन शेजारी बसली. "कशी का असंना, लाव."

लावली. बाबा बोलायला लागले, तशी आईनं पदर तोंडाशी धरला. मंदा हात पुसत दारात आली. शेवट आला... "पोरी, चूल पेटलेली आहे..." आणि बाबा अडकले. खरखर सुरू झाली. आईनं प्लेयरला कान लावला.

"मोठा कर."

मी आवाज पूर्ण वाढवला. ती खरखर नव्हती. कुणीतरी दबक्या आवाजात, एकेक शब्द तोडून सांगत होतं — "आधी... दोन घास... खा... रडायला... रात्र... पडलीय..." परत एकदा तेच. परत एकदा, जरा चिडून.

आणि त्यावर बाबा, "थांबव रे बाबू. लहानू नाई, आता कोन सांगते?"

मी प्लेयरवरचा हात झटक्यात मागे घेतला. आणि आई? आई हसायला लागली! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अस्सेच होते! थो लहानू बिचारा मागून सांगू सांगू थके, अन् याइले आयकूच नोये येत! बह्यरे झाल्ते न शेवटी!"

मग डोळे पुसून मंदाला म्हणाली, "भात हाये का वो?"

त्या दिवसानंतर ती जेवायला लागली.

मी मात्र पिसाळलो. फाइल पुन्हा ऐकली — त्या जागी निव्वळ शांतता. पेरूवरच्या सीडी उतरवून धुतल्या, ज्या वाजल्या त्या सगळ्यांत तोच दबका आवाज. ऑफिसातल्या एका जाणकाराला ऐकवलं. तो म्हणाला, कॅसेटवर जुनं काहीतरी असेल, ते खालून येत असेल. मग फाइलमध्ये का नाही? त्यावर त्यानं चहा मागवला.

आता आईही नाही. तो कंप्युटर भंगारात गेला, सीडी पार घासल्या. उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आईला सीडी ऐकवली त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. मंदा चहा घेऊन आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "तुमचाबी आवाज भरून ठेवू एकदा. तुमाले त चार वाक्यं धड आठवत नाईत. पन मी आधी गेली तरी फिकर करू नका... अडकले का सांगीन मागून. कान तेवढे शाबूत ठेवा."