फोनच्या पायाशी कुंकू

आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं प्रत्येक यंत्र पुसून त्याला हळदकुंकू लावतात. सासूबाईंपासून चालत आलेलं. तेव्हा एक रेडिओ आणि एक इस्त्री होती. पुढे दिल्लीला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये टीव्ही आला, मिक्सर आला, कॉम्प्युटर आला, आणि माझं पुसणं वाढलं. समोरची पंजाबी शेजारीण दारातून बघायची आणि म्हणायची, "भाभीजी, इसको भी टीका?" हो, इसको भी!

कोरोनाच्या पहिल्या वर्षी तर मी नुसती पुसतच होते. रिमोट, बेलचं बटण, फ्रिजचं हँडल. मुलगा गुरुग्रामहून बजावायचा, "आई, सॅनिटायझर फोनवर मारू नकोस. कापडावर घे आणि मग पूस." मी "बिल्कुल" म्हणायचे आणि फोनवरच मारायचे. कापडाने काय मरणार जंतू?

त्या नवरात्रात हे हॉस्पिटलमध्ये होते. मला आत सोडत नव्हते. रोज चार वाजता तिथली नर्स यांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायची, तेवढीच काय ती भेट. अष्टमीला ती म्हणाली, उद्याच्या कॉलनंतर साहेबांना आयसीयूत हलवणार, तिथे फोन चालत नाही. रात्रभर मी ठरवत होते काय बोलायचं. पस्तीस वर्षांच्या संसारात कधी बोलले नव्हते ते. घाबरू नका, मी इथेच आहे, आणि तुमच्याशिवाय मला करमत नाही. एवढंच.

नवमीला सकाळी सगळं पुसलं. फोनला तर दोनदा फवारलं. काचेवर कुंकू लावलं तर डाग पडेल, म्हणून शहाणपणा केला आणि खालच्या कडेला, त्याच्या पायाशी, ओल्या बोटाने ठसठशीत हळदकुंकू लावलं. तिथे बारीक भोकं असतात आणि आपला आवाज त्यातूनच जातो, हे मला कुठे ठाऊक!

चारला कॉल आला. हे दिसले. मास्क, वाढलेली दाढी.

"हॅलो. अगं, बोल की. आवाज येत नाहीये."

मी बोलले. मग ओरडले. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली इतकी ओरडले. मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता आणि त्यांना माझं एक अक्षरही ऐकू जात नव्हतं. फोन उलटासुलटा केला, आपटला, पदराने पुसला. रागाने रडू आलं.

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "आज नवमी ना?"

मी मान हलवली.

"फोनची पूजा केलीस?"

पुन्हा मान हलवली. ते हसले, आणि त्यांना ठसका लागला. "कर्म माझं! पूस ते आधी," म्हणाले.

मागून नर्सचा आवाज आला, "आंटीजी, अब रखना पड़ेगा." आणि स्क्रीन काळी झाली.

मी जुना टूथब्रश घेतला. सुईने भोकं कोरली. लाल चिखल निघाला. सहाला मुलाचा फोन आला, त्याला माझं सगळं व्यवस्थित ऐकू गेलं. मी त्याला काही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी हे गेले.

लोक म्हणतात, त्यांना कळलं असेल हो. असेलही. मी त्यावर डोकं चालवत नाही. नवमीला अजून सगळं पुसते, पूजाही करते. फोनला मात्र पाठीवर टेकवते बोट, आणि सॅनिटायझर कापडावर घेते.

मुलाचा रोज फोन येतो. रोज सुरुवातीला तो एकच वाक्य म्हणतो, "आई, ओरडू नकोस गं, नीट ऐकू येतंय."