खालून लख्ख गाडी

मिठाशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच आहे आणि तो आमच्या घरात आहे. हे आमचे थोरले दीर. लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर. कराडला लागून मलकापुरात आमच्याच आवारात, पलीकडच्या घरात राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते, घरातली पोरं तात्या म्हणतात आणि हायवेवरचे गॅरेजवाले पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. गैरसमज नको म्हणून आधीच सांगते : त्यांचं वैर जेवणातल्या मिठाशी नाही. ताटात वरून मीठ घेणारे आमच्या घरात ते एकटेच. माझी मुलगी डॉक्टर झाल्यापासून त्यांच्या पुढ्यातली मिठाची वाटी उचलून नेते. ‘गाडीला चालत नाही ते तुम्हाला कसं चालतं हो, तात्या?’ असं तिनं एकदा विचारलं, तर घास न थांबवता म्हणाले, ‘मला कुठं गंज लागतोय?’ त्यांचं वैर रस्त्यावरच्या मिठाशी आहे, जे गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खातं. त्यांची जुनी पांढरी गाडी त्यांनी या मिठापासून पंधरा वर्षं जपली. आणि गेल्या थंडीत हीच गाडी मिठाच्या थेट दारात पाठवायची की नाही, असा प्रश्न उभा राहिला. ती हकिगत सांगायची तर आधी माणूस सांगायला हवा.

आमच्या भागात रस्त्यावर मीठ कुठून आलं, असं कोणीही विचारेल. गाडी घरी आली तेव्हा मीही विचारलं होतं आणि त्या दिवशी माझी भाकरी तव्यावर करपली. ‘कोकणातनं घाट चढून मासळीचं टेम्पो येत्यात का न्हाई?’ त्यांनी सुरुवात केली. ‘त्यात बर्फ. बर्फात मीठ. बर्फ वितळतोय आन् पाणी गळतंय कुठं? रस्त्यावर. पावसाळ्यात रस्ता धुऊन निगतोय. थंडीत कोण धुणार? सकाळी दव पडलं की ते मीठ वलं हुतंय आन् आपल्या गाडीच्या पोटात जातंय.’ आमची शेती पाटणच्या रस्त्याला, म्हणजे मासळीच्या वाटेवरच. त्यामुळे दिवाळी झाली की भाऊजी रस्त्यावर ठिपके शोधत गाडी चालवतात. पुढे मासळीचा टेम्पो दिसला की ते गाडी बाजूला घेतात आणि तो नजरेआड होईपर्यंत थांबतात. एकदा एका लग्नाला आम्ही अशा तीन टेम्पोंसाठी थांबलो. पोहोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत उठली होती. नवऱ्या मुलीच्या वडिलांना भाऊजींनी कारण सांगितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते अजून कोणाला वर्णन करून सांगता आलेले नाहीत.

हे वेड त्यांनी उत्तरेकडून आणलं. तिकडे बर्फाळ डोंगरात ते ट्रक चालवायचे. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकत आणि त्या मिठानं एका ट्रकची ब्रेकची नळी खालून कुरतडली. उतारावर ब्रेक लागेना. त्यांनी ट्रक कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात घातला. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की दरवेळी तो उतार थोडा थोडा उभा होत गेला. आता तो जवळजवळ भिंतीसारखा झाला आहे. दरी तर पोरांच्या वयाबरोबर खोल गेली. पण गोष्टीचं शेवटचं वाक्य मात्र त्यांनी कधी बदललं नाही. ते म्हणतात, ‘मागं जवान झोपल्याली. धक्क्यानं एकजण जागा झाला आन् म्हणला, चहा आला का?’ एवढं बोलून ते उठतात आणि गाडी धुवायला जातात.

गाडी धुण्याची त्यांची रीत जगावेगळी आहे. ते गाडी वरून धुतच नाहीत. टपावर धूळ असते, काचेवर चिमण्यांची कृपा असते, बॉनेटवर पोरांनी बोटानं नावं लिहिलेली असतात. पोट मात्र आरशासारखं. त्यासाठी अंगणात त्यांनी स्वतः विटा-सिमेंटचे दोन उंच उतरते कट्टे बांधलेत. त्यावर गाडी चढवायची, मधल्या जागेत पोतं अंथरायचं आणि उसावर औषध मारायच्या पंपाची नळी वाकवून खालून पाणी मारायचं. मग उन्हात वाळवायची, ब्रशनं तेलाचा हात द्यायचा आणि काठीला बांधलेला आरसा कानाकोपऱ्यात फिरवून तपासणी करायची. हा आरसा जाऊबाईंचा. त्याच्या कडेला त्यांच्या दोन टिकल्या अजून चिकटलेल्या आहेत. ‘माझ्या नशिबी हातभर आरसा न्हाई आन् त्या गाडीचं बूड दिवसातनं दोनदा तोंड बघतंय,’ असं जाऊबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. त्यावर गाडीखालून उत्तर येतं, ‘तुला गंज न्हाई, मग बघायचंय काय?’ जाऊबाई याला स्तुती समजतात. मीही तसंच समजायचं ठरवलं आहे.

गाडीतून काय न्यायचं आणि काय नाही, याचे नियम मला पाठ आहेत. लोणचं नाही, पापड नाहीत, खारे शेंगदाणे नाहीत. माझ्या माहेराहून, तासगावाकडून, लोणच्याची बरणी यायची होती तेव्हा आम्ही गाडीनं आलो आणि बरणी मांडीवर घेऊन माझे यजमान एसटीनं आले. दसऱ्याला गाडीची पूजा असते. लोक चाकाखाली लिंबं ठेवतात. भाऊजींच्या मते लिंबू हे मिठाचं सख्खं भावंड, म्हणून आमच्या गाडीच्या चार चाकांखाली चार बटाटे चिरडले जातात. त्या रात्री भाजी कशाची होती हे मी जाऊबाईंना कधीच विचारलं नाही. हळदकुंकूही ते खाली झोपून गाडीच्या सांगाड्याला लावतात. एकदा आग्रह करून आम्ही त्यांना समुद्रावर नेलं, तर त्यांनी गाडी किनाऱ्यापासून दूर, डोंगरावर एका चिंचेखाली लावली. आम्ही उतरून रिक्षानं समुद्र बघून आलो. ते गाडीजवळ बसून राहिले. परत आल्यावर आधी आमचे पाय धुतले, मग चपला, मग आम्हाला आत घेतलं.

आता दृष्टीचं सांगते. आमच्याकडे कोणी लांबच्या गावाला निघालं की मूठभर मीठ-मोहऱ्या ओवाळून विस्तवात टाकतात. भाऊजी लष्करात होते तोवर दर सुट्टीनंतर जाऊबाईंनी त्यांची दृष्ट काढली आणि ते गप्प उभे राहिले. पण गाडी नवी आली त्या दिवशी जाऊबाई मूठ भरून पुढे आल्या, तेव्हा भाऊजी बंदुकीसमोर यावं तसे मध्ये आले. ‘मिठाचा एक खडा पडला तरी...’ पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. त्या दिवसापासून गाडीची दृष्ट कधी निघाली नाही. गाडीला ओरखडा उठला, टायर बसला, कुत्रं आडवं आलं, तरी जाऊबाई म्हणायच्या, ‘आवं, मी काय बोलत न्हाई.’ आणि मग बराच वेळ बोलायच्या.

दोन वर्षांपूर्वी उंब्रजचे एक पाहुणे गाडी विकत घ्यायला आले होते. कडक इस्त्रीची पांढरी कापडं, पायात कोल्हापुरी. वरची धूळ बघून त्यांनी नाक मुरडलं. भाऊजींनी पोतं झटकलं आणि म्हणाले, ‘वरनं काय बगताय पावणं, या, जरा आडवं व्हा.’ पाहुणे आडवे झाले. कपड्यांचं जे व्हायचं ते झालं, पण बाहेर आले ते हात जोडून. ‘आवं, ही तर नवरी हाय!’ म्हणाले. सौदा ठरल्यात जमा होता. चहा झाला. भाऊजींनी सहज विचारलं, ‘सासुरवाडी कुठली तुमची?’ पाहुणे म्हणाले, ‘चिपळूणच्या पुढं, खाडीकाठाला. म्हयन्यातनं एक फेरी हुतीया.’ भाऊजींनी कप खाली ठेवला. ‘मग न्हाई जमायचं. खाऱ्या पाण्यात द्यायची न्हाई.’ पाहुण्यांना वाटलं, चेष्टा चालली आहे. जाऊबाईंनी त्यांना हळूच सांगितलं की, चेष्टा नाही.

आणि गेल्या थंडीत माझ्या मुलीची पहिली नेमणूक झाली. कोकणात, समुद्राला लागून असलेल्या गावातल्या सरकारी दवाखान्यात. वाड्या खाडीच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या, एसटी दिवसातून मोजकी. डॉक्टरला बोलावणं कधीही येणार. गाडी पाहिजेच होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि नवी गाडी मिळायला दोन महिने लागणार होते. घरात गाडी एकच होती. ती मागायची कोणी? माझे यजमान म्हणाले, ‘तू सांग.’ मी म्हणाले, ‘तुमचे भाऊ आहेत.’ मुलगी म्हणाली, ‘कोणी विचारू नका. मी तिथे भाड्याची बघेन.’ हे सगळं बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं आणि खिडकीबाहेर पंपाचा आवाज येत होता. तो एकाएकी थांबला. भाऊजी त्या दिवशी जेवायला आले नाहीत. दिवसभर गाडीखाली होते. जाऊबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि मी मनातल्या मनात भाड्याच्या गाडीची चौकशी कुठे करायची ते जुळवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातून हाक मारली. ‘डाक्टरीणबाई, हिकडं या. जुनी कापडं घालून या.’ मुलगी गेली. त्यांनी पोत्याकडे बोट केलं.

‘तात्या, मी डॉक्टर आहे हो.’

‘म्हणूनच. पोट तपासायला शिकलीस न्हवं? ह्येचंबी तपास.’

ती आडवी झाली. तिच्याशेजारी दुसरं पोतं टाकून तेही आडवे झाले. मी भाजी निवडत पायरीवर बसले होते. मला फक्त चार पाय दिसत होते आणि बोलणं ऐकू येत होतं. ‘ही ब्रेकची नळी. काल नवीन घातलीय. हिला आदी बघायचं, मग बाकीचं. तितलं इहिरीचं पाणी आदी जिभंवर घिऊन बघ. खारं लागलं तर त्यानं धुवायचं न्हाई.’ ‘तात्या, बटाटे पण ठेवू का?’ ‘चेष्टा करू नगंस. दसऱ्याला ठेव.’ दिवस मावळेपर्यंत तिनं गाडी तीनदा धुतली. पहिल्या दोन वेळा त्यांनी आरसा फिरवून नकाराची मान हलवली. तिसऱ्या वेळी आरसा बाजूला ठेवून दिला. आमच्या घरात ही पदवी समजली जाते.

निघायच्या दिवशी गाडी फाटकात उभी होती. मुलगी आत बसली, काच खाली होती. तेवढ्यात जाऊबाई घरातून आल्या, मूठ मिटलेली. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

‘काय हाय मुठीत?’ भाऊजींनी विचारलं.

‘म्हाईत हाय तुमाला. पोरीची काढणार हाय, गाडीची न्हाई. तुमी तिकडं तोंड करा.’

त्यांनी तोंड फिरवलं नाही. जाऊबाईंनी खिडकीतून लेकीवरून मूठ ओवाळली आणि शेगडीकडे वळल्या.

‘आगं, थांब की.’

‘आता काय झालं?’

‘समुद्रावर चाललीया.’

‘मग?’

‘तिचीबी काढ.’

‘कुणाची?’

भाऊजींनी हनुवटीनं बॉनेटकडे खूण केली. पंधरा वर्षं ज्या हुकमाची वाट बघितली तो मिळाल्यावर बाई काय घाई करणार? जाऊबाई सावकाश, चारी चाकांपाशी थांबत, गाडीला पूर्ण फेरी घालून आल्या. मुठीतून दोन खडे निसटून बॉनेटवर पडले. मी पाहिले, भाऊजींनीही पाहिले. त्यांचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. गाडी सुरू झाली, ते दोन खडे घेऊनच फाटकाबाहेर पडली आणि पाटणच्या रस्त्याला लागली.

पुढे तिथल्या एका गॅरेजवाल्यानं काही कामासाठी गाडी वर उचलली, तेव्हा हाक मारून आणखी चार मेकॅनिक बोलावले म्हणे. ‘समुद्राच्या गावात असं पोट आम्ही बघितलं नाही. गाडी कोणाची?’ मुलीनं सांगितलं, ‘आमच्या तात्यांची.’ हे तिनं फोनवर सांगितलं, ते मी भाऊजींना सांगितलं, जाऊबाईंनी आळीला सांगितलं. हायवेवरचे गॅरेजवाले आता त्यांना पाठीमागे काय म्हणतात, ते मात्र लिहिण्यासारखं आहे. सुभेदार म्हणतात.

नवी गाडी मग मुलीनं घेतलीच नाही. अंगणातले कट्टे रिकामे आहेत. त्यावर जाऊबाई वाळवण घालतात, खारवलेल्या मिरच्यासुद्धा, आणि भाऊजी बघून न बघितल्यासारखं करतात. आरसा परत जाऊबाईंच्या खोलीत लागला आहे. दर रविवारी मुलगी व्हिडिओ कॉल करते. तिकडे ती फोन हातात धरून गाडीखाली शिरते आणि इकडे भाऊजी माझा मोबाइल डोळ्यांशी धरून सूचना देतात : डावीकडं घे, नळी दाव, चाकाच्या मागं. परवाच्या रविवारी असंच सगळं बघून झालं. ‘लख्ख हाय,’ म्हणाले. तेवढ्यात तिला दवाखान्यातून बोलावणं आलं आणि फोन बंद झाला. त्यांनी काळा पडदा खांद्यावरच्या फडक्यानं पुसला. मग मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘जरा परत लावून बगतीस? आज सगळं खालचंच दावलं तिनं. पोरीचं तोंड बघायचं राह्यलं.’